कोल्हापुरातून आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत उतरायचं तर

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सातली, शोपँ या संगीतकाराच्या नावाची पियानो स्पर्धा यूट्यूबवर फुकट बघायला मिळाली, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एकच धोशा सुरू आहे. "मॅडम, आमच्या पोरीला तिकडं पाठवायचं तर काय करायला लागंल?" पोरगी दहा वर्षांची असते. मी म्हणते, आधी सहा वर्षं थांबायला लागेल, कारण त्या स्पर्धेत सोळाच्या आत घेतच नाहीत.

मी राजारामपुरीत पियानो शिकवते. शाळकरी पोरं आहेत, हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरातली एक मुलगी आहे, शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करून संध्याकाळी क्लासला येणारा एक इंजिनिअर आहे आणि ताराबाई पार्कातले एक दातांचे डॉक्टर आहेत. सगळ्यांना स्पर्धेत उतरायचंय आणि सगळ्यांनी मला वेगवेगळ्या वेळी तेच ते विचारलंय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी वय, मग नाव

खासबागेच्या कुस्ती मैदानात वजन न बघता कुणी जोड लावत नाही. इथं वजनाच्या जागी वय आहे. वॉर्साची शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी होते, वय १६ ते ३०. अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची क्लायबर्न स्पर्धा दर चार वर्षांनी, १८ ते ३०. त्याच संस्थेची १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळी ज्युनिअर स्पर्धा आहे आणि पस्तिशी ओलांडलेल्या हौशी वादकांसाठी आणखी वेगळी. त्याहून लहान पोरांसाठी जर्मनीतलं एटलिंगन बघा. तिथं दोन वयोगट असतात आणि १९९४ साली तिथं पहिला आलेला बारा वर्षांचा मुलगा म्हणजे आज जगभर गाजलेला पियानोवादक लांग लांग.

वय कुठल्या तारखेला मोजतात ते नियमात असतं. कुठं स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, कुठं शेवटच्या, तर कुठं सरळ जन्मसाल दिलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत जन्मलेल्यांनी हे दोनदा वाचावं.

पालकांना घाई फार असते. त्यांना मी एरिक लू दाखवते. २०१५ च्या शोपँ स्पर्धेत हा मुलगा सतरा वर्षांचा होता, चौथा आला. दहा वर्षांनी पुन्हा त्याच स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये पहिला आला. उलट युनचान लिम २०२२ मध्ये अठराव्या वर्षीच क्लायबर्न जिंकून मोकळा झाला. दोघांचं बरोबर आहे. पण लिमला बघून त्याच्यासारखा रखमानिनॉफचा ऑर्केस्ट्राबरोबरचा अवघड तिसरा कॉन्सर्टो वाजवायचा हट्ट आमच्या नववीतल्या पोरानं धरला, तेव्हा मी त्याला आधी स्केल वाजवून दाखव म्हटलं.

आपली पार्श्वभूमी "तसली" नाही, घरात कुणाला संगीत येत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी तीन नावं सांगते. २००९ ची क्लायबर्न विभागून जिंकणारा नोबुयुकी त्सुजी जन्मापासून अंध आहे, कानानं ऐकून सगळं शिकलाय. ल्युका डेबार्ग अकराव्या वर्षी सुरुवात करून मध्ये पियानो सोडून बसला होता, विसाव्या वर्षी परत बसला आणि २०१५ च्या रशियातल्या चायकोव्हस्की स्पर्धेत चौथा आला. हायातो सुमिनो टोकियो विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकलेला, यूट्यूबवर गाजलेला. २०२१ च्या शोपँ स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. शिरोलीच्या इंजिनिअरला ही शेवटची गोष्ट सांगितल्यापासून तो शिफ्टनंतर अर्धा तास जास्त बसतो. तिशी जवळ आली असली तरी.

आता डॉक्टर. हौशी गटाचा नियम साधा आहे: पियानो वाजवणं किंवा शिकवणं हे पोटापाण्याचं साधन नको. म्हणजे मी तिथं चालत नाही, डॉक्टर चालतात. आणि या गटात डॉक्टर मंडळींचं राज्यच आहे. क्लायबर्नच्या हौशी स्पर्धेत २००७ ला डोळ्यांचे डॉक्टर जिंकले, २०११ ला पोटाचे, २०१६ ला हिरड्यांचे. हे ऐकल्यावर आमचे डॉक्टर खुर्चीवर ताठ बसले. युरोपात जायचं असेल तर पॅरिसमध्येही १९८९ पासून हौशी वादकांची स्पर्धा आहे. अडचण होते ती एकतीस ते चौतीसवाल्यांची. मोठ्या स्पर्धांतून बाहेर, क्लायबर्नच्या हौशी गटात अजून आत नाही. त्यांनी वयाची अट नसलेल्या छोट्या स्पर्धा शोधाव्यात, नाहीतर निवांत रियाज करावा.

शोधायचं कुठं? जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांचा जागतिक महासंघ आहे, १९५७ पासूनचा. त्याच्या सदस्य स्पर्धांची यादी उघडी असते. दुसरं ठिकाण म्हणजे अलिंक-आर्खेरिच फाउंडेशन, जे फक्त पियानो स्पर्धांचीच नोंद ठेवतं. या दोन्हीकडे नाव सापडलं नाही तर सावध व्हा. सापडलं नाही म्हणजे खोटीच, असं नाही. पण चौकशी करा.

पैसे देऊन मिळणारं पहिलं बक्षीस

हा विषय टाळता येत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला एक तरी जाहिरात फिरत येते. व्हिडिओ पाठवा, फी भरा, सगळं ऑनलाइन. निकाल बघितला की पहिला क्रमांक चाळीस जणांना, "सुवर्ण", "प्लॅटिनम", "डायमंड" अशा पायऱ्या, दुसरा-तिसरा कुणी नाहीच. मग मेल येतो: तुमची निवड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या विजेत्यांच्या मैफलीसाठी झाली आहे, नावनोंदणीचे वेगळे पैसे. कार्नेगी हॉलच्या इमारतीत २,८०४ खुर्च्यांचं मोठं सभागृह आहे आणि २६८ खुर्च्यांचं छोटंही आहे, आणि ते भाड्यानं मिळतं. आपल्याकडं हॉल बुक करतात तसंच. मैफल खरी असते, हॉलही खरा असतो, पण तुम्हाला "निवडलं" हे खरं असेलच असं नाही.

मी तीन गोष्टी बघते. परीक्षकांची नावं अर्जाच्या आधी जाहीर आहेत का. मागच्या वर्षीचे विजेते आज कुठं वाजवतायत ते शोधून सापडतं का. आणि कुणी पहिल्या फेरीत बाद होतं का. जिथं कुणी बाद होत नाही तिथं मी पोरं पाठवत नाही, भले आई रुसली तरी चालेल. शोपँ स्पर्धेला २०२५ मध्ये सहाशेच्या वर अर्ज होते आणि मुख्य फेरीत ऐंशीच्या आसपास वादक पोचले. खऱ्या स्पर्धेचं गणित असं असतं.

काय वाजवायचं

शोपँ स्पर्धेत फक्त शोपँ. बाकी बहुतेक ठिकाणी मागणी ठरलेली असते: बाखचं एखादं प्रेल्यूड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हेनचा एक सोनाटा, एक-दोन एट्यूड (बोटांच्या कसरतीच्या रचना), एक रोमँटिक काळातली रचना आणि कधी विसाव्या शतकातलं काहीतरी. लहान गटात बाखचं दोन आवाजांचं इन्व्हेन्शन चालतं, म्हणजे दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळी असलेली छोटी रचना. वेळेची मर्यादा मिनिटात दिलेली असते आणि ती पाळावीच लागते. सोनाट्याच्या पहिल्या भागातला सुरुवातीचा तुकडा परत वाजवायचा की नाही यावर अडीच-तीन मिनिटं इकडची तिकडं होतात. घड्याळ लावून सगळा कार्यक्रम वाजवा आणि मर्यादेपेक्षा थोडा कमी ठेवा.

आमच्या गावाची खरी मेख वेगळीच आहे. इथली निम्मी मुलं पेटीवरून पियानोकडे येतात. कोल्हापूर म्हणजे अल्लादियाँ खाँसाहेबांचं गाव, देवल क्लबचं गाव. घरात पेटी असतेच. पेटीवाल्या मुलाचा कान तयार असतो, पाठांतर पक्कं असतं, सूर गळ्यात असतो. पण त्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो! उजवा हात तालेवार आणि डावा हात पाहुण्यासारखा, काय करावं ते न कळणारा. दुसरं म्हणजे पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. पियानोत सगळं बोटाच्या वेगावर. त्यामुळं ही मुलं सुरुवातीला सगळे स्वर एकाच जोरात वाजवतात, आणि परीक्षकाला ते पहिल्या चार मापांतच कळतं.

त्यावर माझा इलाज असा. बाखची दोन आवाजांची इन्व्हेन्शन्स पंधरा आहेत. त्यातलं एक घ्यायचं, डाव्या हाताची ओळ आधी गळ्यानं गायची, मग डाव्यानंच वाजवायची, मग डाव्यानं वाजवत उजव्याची ओळ गायची. हुपरीच्या मुलीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसून लोळली. पण तिच्या गळ्यातल्या सवयीचा फायदा नंतर नॉक्टर्न या संथ, गाण्यासारख्या रचनेत दिसला. वरची ओळ श्वास घेऊन वाजवते, जे शहरातल्या आठव्या ग्रेडची परीक्षा झालेल्या पोरांना सांगून जमत नाही.

नोटेशनची प्रत चांगली घ्या. शोपँसाठी यान एकिएरनं संपादित केलेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती, बाकीच्यांसाठी हेनले किंवा व्हिएनर उर्टेक्स्ट या प्रकाशनांच्या प्रती. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत संपादकानं आपल्या मनानं घातलेल्या खुणा मुबलक असतात.

पाऊस आणि पियानो

रोजच्या रियाजाला ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालतो, उगीच त्यासाठी कर्ज काढू नका. पण स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन महिने खऱ्या पियानोवर जायलाच हवेत, कारण अर्धं पेडल, तारांचा गुंजारव आणि दाबलेली पट्टी परत वर कशी येते ते डिजिटलवर नीट कळत नाही. त्यातही उभा पियानो आणि ग्रँड यांत फरक आहे. ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर परत वाजतो. ही यंत्रणा पॅरिसच्या एरारनं १८२१ मध्ये काढली. उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ वर यायची वाट बघावी लागते. भराभर तोच स्वर असलेली रचना उभ्यावर बसवली तर ग्रँडवर बोटं विनाकारण उंच उचलली जातात. म्हणून मुंबई, पुणे किंवा गोव्यात जिथं ग्रँड तासावर मिळेल तिथं स्पर्धेआधी चार-पाच वेळा तरी जाऊन या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई.

घरी खरा पियानो असेल तर कोल्हापूरचा पाऊस हा त्याचा शत्रू. जुलैत पंचगंगा फुगते तशी पियानोतली लाकडंही फुगतात, पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. माझ्या पियानोच्या खालच्या दाराआड जूनपासून एक कमी वॅटचा जुना पिवळा बल्ब जळत असतो, लाकडापासून चांगला लांब टांगलेला. आतली हवा जराशी उबदार राहते. एलईडी लावू नका, त्याची ऊब पुरत नाही. पियानो बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला टेकवू नका. ट्यूनर बाहेरगावाहून येतो, तेव्हा त्याला पावसात बोलावून पैसे घालवू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा आणि रेकॉर्डिंगच्या चार-पाच दिवस आधी परत एकदा.

व्हिडिओ, जिथं खरी स्पर्धा होते

लोकांना वाटतं स्पर्धा म्हणजे मंच, दिवे, ऑर्केस्ट्रा. आमच्यासारख्यांची स्पर्धा बहुधा व्हिडिओतच संपते किंवा सुरू होते. म्हणून एकूण खर्चातला मोठा वाटा इथं घाला, सूटबुटावर नको.

नियम जवळजवळ सगळीकडे असे: एक रचना म्हणजे एक सलग चित्रीकरण, मध्ये कापाकापी नाही. चेहरा, दोन्ही हात आणि पट्ट्या सतत दिसल्या पाहिजेत. आवाजावर प्रक्रिया नको. चित्रीकरण अमुक तारखेनंतरचंच. कॅमेरा उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, स्टँडवर. भावाच्या हातात नको. खिडकी वादकाच्या मागं आली की चेहरा काळा पडतो.

आवाजाची गोष्ट नीट समजून घ्या. मोबाइल बोलण्यासाठी बनवलाय, तो हळू आवाज आपणहून वर उचलतो आणि मोठा आवाज दाबतो. तुमच्या मुलानं महिनाभर राबून बसवलेला हळू-जोराचा फरक मोबाइल एका क्षणात सपाट करून टाकतो, आणि परीक्षक म्हणतात पोरगं सगळं एकसुरी वाजवतंय. वेगळा स्टीरिओ रेकॉर्डर घ्या, नसेल तर कुणाचा मागून आणा. त्यावर आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद करा. सगळ्यात जोरातला भाग आधी वाजवून पातळी अशी लावा की लाल दिवा लागणार नाही, आणि मग तिला हात लावू नका. रेकॉर्डर पियानोपासून चार-सहा फुटांवर. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मात्र वेगळा आवाज जोडायला परवानगी आहे का ते नियमात आधी बघा. काही ठिकाणी चालत नाही.

खोली फार घुमत असेल तर समोरच्या भिंतीला गादी उभी करा, जमिनीवर सतरंजी. फार दबली तर गादी काढा. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर कधी लागते ते विचारून ठेवा. आमच्या गल्लीत पहाटे पाच ते साडेसहा सोडलं तर शांतता नाही. दुधाची गाडी, हॉर्न, भाजीवाला. आणि गणपतीच्या आधी दोन आठवडे रेकॉर्डिंग ठेवणाऱ्यानं ढोलताशाच्या सरावाचं वेळापत्रक मंडळाकडून मागून आणावं. मी आणते. मंडळातली पोरं ओळखीची आहेत, "काकू, आज कितीपर्यंत?" असं तीच विचारतात आणि तेवढा वेळ थांबतात.

एका बैठकीत तीन वेळाच वाजवायचं, चौथ्यांदा नाही. चौथ्याला बोटं वाजवतात आणि डोकं दुसरीकडे असतं. सगळं लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, तेही हेडफोननं. निवडताना पालक नेहमी चूक नसलेला टेक उचलतात. मी एखादी सटकलेली नोट असलेला पण जिवंत असलेला टेक उचलते, आणि त्यावरून आमची वादावादी होते. निर्णय वाजवणाऱ्याचा, हे मी आता ठरवून टाकलंय.

सराव म्हणून एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची परफॉर्मन्स ग्रेड परीक्षा देऊन टाका. त्यात चार रचना एका दमात, न थांबता रेकॉर्ड करून पाठवायच्या असतात. कॅमेऱ्यासमोरची भीती तिथंच मोडते.

यूट्यूबवर टाकताना "अनलिस्टेड" ठेवा, "प्रायव्हेट" नाही. प्रायव्हेट केलेला व्हिडिओ परीक्षकांना दिसतच नाही.

कागद, पैसे, व्हिसा

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, असं असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, अक्षर न् अक्षर. परदेशी फी कार्डानं भरावी लागते आणि बँका परदेशी व्यवहार बऱ्याचदा बंद ठेवतात. शेवटच्या रात्री हे कळलं की धावपळ होते. परिचय शंभर-दीडशे शब्दांचा लिहा. "बालप्रतिभा", "दैवी देणगी" हे शब्द काढून टाका, कुणाकडे शिकलो आणि काय वाजवलं तेवढं पुरे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अठराच्या आतल्या मुलाबरोबर कोण जाणार ते लवकर ठरवा, कारण त्याचाही व्हिसा लागतो. क्लायबर्नसारख्या ठिकाणी स्पर्धकांना स्थानिक कुटुंबांच्या घरी उतरवतात, घरात पियानो असतो. शाकाहारी असाल तर आधी कळवा.

वॉर्साचं नाव निघालं की इथल्या जुन्या लोकांना कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव आठवतं. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित तिथल्या छावणीत राहिले होते, १९४३ ते १९४८. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. अर्जात याचा काडीचाही उपयोग नाही, पण तिथं पोचलात तर बघून या.

मंचाची सवय

मोठ्या स्पर्धेत पियानो निवडायला पंधरा मिनिटांच्या आसपास मिळतात. शोपँ स्पर्धेत स्टाइनवे, यामाहा, कावाई, फाझिओली असे चार-पाच मेकर असतात. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ फाझिओलीवर वाजवत होता. लहान स्पर्धेत तर निवडच नसते, समोर असेल तो पियानो. म्हणून अनोळखी पियानोवर बसायची सवय लावा: शाळेतला, चर्चमधला, हॉटेलच्या लॉबीतला, बिघडलेला असला तरी. बसल्याबरोबर स्टूलची उंची लावा, सगळ्यात हळू आवाज काढून बघा आणि पेडल कुठं पकडतं ते बघा. जोरात वाजवून बघायची गरज नाही, जोर सगळ्याच पियानोंवर निघतो.

आणि लोकांसमोर वाजवा. सोसायटीच्या गच्चीत, शाळेच्या संमेलनात, आत्याच्या साठीला. आमचे डॉक्टर दवाखान्यातल्या पेशंटांना घरी बोलावून वाजवतात. तोंडात कापूस घेऊन बसायला लागत नाही म्हटल्यावर लोक आनंदानं येतात.

बाद झालात तर परीक्षकांचा अभिप्राय मिळतो का विचारा, काही स्पर्धा देतात. निवड झाली तर मेल येतो, आणि तो बहुतेक वेळा स्पॅममध्ये जातो. निकालाच्या तारखेपासून आठवडाभर स्पॅम रोज उघडा, कारण होकार ठराविक दिवसांत कळवला नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या वादकाला देतात.